धूर तुमचा, छाती कुणाची?

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुळासकट हातात यायला लागले. आधी डोक्याला खाज, मग कंगव्यात झुबके आणि काही दिवसांत टक्कल. बातमी दिल्लीपर्यंत गेली. आयसीएमआरची माणसं आली, एम्सचे डॉक्टर आले, पाण्याचे नमुने गेले, रक्ताचे गेले. जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आरोग्य राज्यमंत्री. त्यांनाही लक्ष घालावं लागलं. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. केस गेले म्हणून सारी यंत्रणा गावच्या पारावर येऊन बसली, आणि ते योग्यच झालं.

त्याच तालुक्याच्या गावी, शेगावात, दर गुरुवारी, दर रविवारी, दर एकादशीला माणसांच्या छातीत काजळी जाते. तिच्यासाठी कोणी आलं नाही. नमुने घेतले नाहीत, पथक नेमलं नाही, विधानसभेत कोणी बाकं वाजवली नाहीत. टक्कल आरशात दिसतं, फुप्फुसाला आरसा नाही, हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. गव्हाचा गुन्हेगार परका होता, कुठल्यातरी लांबच्या शेतातून रेल्वेच्या वाघिणीतून आलेला. त्याच्या नावाने ओरडण्यात आपलं काही जात नव्हतं. धुराचा गुन्हेगार आपल्याच पोर्चमध्ये उभा आहे, त्याचा हप्ता आपल्याच खात्यातून जातो, आणि दसऱ्याला झेंडूचा हारही आपणच त्याला घालतो.

म्हणून कोणी म्हटलं, की बाबा रे, जी गाडी जास्त धूर सोडते तिने शहरात शिरताना पैसे मोजावेत, की आपल्या अंगावर पाल पडते. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं या एका बाबतीत एकमुखाने बोलतात. डावा म्हणतो, गरिबाची लूट. उजवा म्हणतो, भाविकांवर जिझिया. व्यापारी म्हणतो, धंदा बसेल. पत्रकार म्हणतो, आधी रस्त्यांचे खड्डे बुजवा. त्या हवेत श्वास घेणाऱ्याला मात्र त्याचं मत कोणी विचारत नाही.

तो श्वास घेणारा कोण, हे पाहायचं असेल तर गुरुवारी गजानन महाराजांच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्धा तास उभं राहावं. नागपूरची, पुण्याची, संभाजीनगरची, इंदूरची पाटी असलेली डिझेलची मोठी गाडी कडेला लागते. सात-आठ माणसं उतरतात, दर्शनाच्या रांगेकडे जातात. चालक मात्र आतच राहतो. बाहेर ऊन विदर्भाचं, म्हणजे एप्रिलमध्ये बेचाळीस-त्रेचाळीसचं. तो काच वर करतो, सीट मागे पाडतो, एसी लावतो आणि डोळे मिटतो. इंजिन चालूच. दर्शनाला दोन तास लागोत की तीन, इंजिन धडधडत राहतं. मागच्या काचेवर 'गण गण गणात बोते'चं स्टिकर, त्याच्या खाली धुराची नळी. त्या नळीच्या तोंडापासून दोन हातांवर एक बाई जमिनीवर पोतं टाकून बसलेली असते. पुढ्यात टोपली, टोपलीत हार, उदबत्त्या, खडीसाखरेच्या पुड्या. मांडीवर नातू.

मोटारीची धुराची नळी जमिनीपासून वीतभर-दोन विती वर असते. उभ्या माणसाचं नाक तिच्यापासून लांब असतं, मोटारीत बसलेल्याचं तर काचेआड. जमिनीवर बसलेल्याचं नाक थेट तिच्या रेषेत येतं आणि मांडीवरच्या पोराचं त्याहून खाली. समाजात ज्याची जागा जितकी खालची, तितकं त्याचं नाक त्या नळीच्या जवळ. आपली उतरंड अशी धुरातही मोजून घेता येते.

त्या बाईला विचारलं, गाडी बंद करायला का सांगत नाही? ती म्हणाली, "भाऊ, आपलं कोन आयकते? अन् त्याहीनंच हार नाही घेतला तं सांजीले चूल कशी पेटन?"

या वाक्यात सगळा अर्थव्यवहार आला. जो तिचा श्वास घेतो तोच तिचं गिऱ्हाईक आहे, म्हणून ती तोंड उघडू शकत नाही. आणि आपण तिच्या गप्प राहण्याला तिची संमती समजतो.

डिझेलचा धूर म्हणजे नुसता वास नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस त्याच गटात बसतात. या धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण नाकाच्या केसांत अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथून रक्तातही उतरतात. हवेत असे कण वर्षाच्या सरासरीने घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतील असं आपला कायदा म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ वर आणली. म्हणजे आपण आठपट सैल मोजपट्टी घेतो आणि तीही पाळत नाही.

आणि शेगावात तर ती मोजपट्टी लावायचीही गरज कोणाला वाटत नाही. केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातली हवा बिघडलेली शहरं आली. अकोला आहे, अमरावती आहे, जळगाव आहे, जालना आहे. शेगावच्या चारी अंगांची शहरं यादीत आहेत, शेगाव नाही. गर्दीच्या दिवशी लाखाच्या घरात माणसं येतात आणि त्यांच्यामागे गाड्या येतात, पण कागदोपत्री गाव छोटं. छोट्या गावाच्या छातीचा हिशेब आपल्या राज्यकारभारात बसत नाही. याच गावाच्या उत्तरेला, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, खारं पाणी पिऊन मूत्रपिंडं निकामी झालेली घरं आहेत. तिथल्या लोकांना विचारा, सरकारी कागदावर नसलेल्या दुखण्याचं काय होतं ते.

आता 'पैसे भरा' या गोष्टीकडे येऊ. आपल्याला वाटतं ही लंडनवाल्यांची चैन आहे. तसं नाही. प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केलं. एक खटला राजस्थानातल्या बिछडीच्या रासायनिक कारखान्यांचा होता, दुसरा तमिळनाडूतल्या कातडी कमावणाऱ्यांचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने दिल्लीत शिरणाऱ्या मालट्रकांवर पर्यावरण भरपाई शुल्क बसवलं आणि दोन महिन्यांत ते दुप्पट केलं. मोठ्या ट्रकला २,६०० रुपये. कारखानदाराने नदीत घाण सोडली तर आपण त्याला दंड करा म्हणून घसा कोरडा करतो. तीच घाण आपण नळीतून हवेत सोडली की ती आपली व्यक्तिगत सोय ठरते. आपला तो बाब्या.

महाराष्ट्राने तर यात पुढाकारच घेतला होता. २०१० पासून राज्यात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे: खाजगी वाहन पंधरा वर्षांचं झालं की, आणि भाड्याचं आठ वर्षांचं झालं की. पेट्रोलच्या मोटारीला सुरुवातीला तो पाच वर्षांसाठी तीन हजार रुपये होता. भागाकार करून पाहा, दिवसाला पावणेदोन रुपयेही पडत नाहीत. शेगावच्या कचोरीचा तुकडाही त्यात येत नाही. पण दर फार हलका, एवढाच त्याचा दोष नाही. हा कर वयावर आहे, धुरावर नाही. गल्लीतला निवृत्त मास्तर आपल्या जुनाट स्कूटरवर आठवड्यातून एकदा भाजीला जातो, तो हा कर भरतो. ज्याची दोन वर्षांची डिझेल गाडी मंदिराच्या रस्त्यावर तीन तास बंद न होता उभी राहते, त्याच्यावर यातला छदामही नाही. तो म्हणेल, मी घेतानाच एकरकमी मोठा कर भरलाय. भरला असेल. तो रस्ता वापरण्यासाठी भरला. त्या बाईच्या मांडीवरच्या पोराच्या नाकात नळी धरण्यासाठी नव्हे.

राहिलं पीयूसी. या तीन अक्षरांनी आपण आपल्या सदसद्विवेकबुद्धीला जेवढं फसवलं आहे तेवढं दुसऱ्या कशानेही नाही. पेट्रोल गाडीची तपासणी म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवून नळीतला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजणं. डिझेलची तपासणी म्हणजे जागेवर उभ्या उभ्या अ‍ॅक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा पाहणं. जे बारीक कण माणसाला मारतात ते यात मोजलेच जात नाहीत. त्यातही कित्येक ठिकाणी ही तपासणीही होत नाही. पंपाच्या कोपऱ्यात व्हॅन उभी असते, तुम्ही गाडीचा क्रमांक सांगता, पैसे देता, कागद मिळतो. गाडी घरी असली तरी चालते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने धुराचे निकष मोडणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद ठेवली. परिणाम इतकाच झाला की, लोकांनी गाडीऐवजी कागद दुरुस्त करून घेतला. सत्यनारायणाच्या पूजेला बसणारा, उपासाला साबुदाणा भगरीत मिसळलेला चालतो का म्हणून भटजींना फोन करणारा माणूस हा खोटा कागद खिशात घालताना जराही कचरत नाही. हे पाप आपल्या पापांच्या यादीत आलंच नाही.

सरकारला दोष देणं सोपं आहे, आणि तो द्यायलाही हवा. मुंबईच्या वेशीवर वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर इथल्या पाच नाक्यांवर मोटारीला ४५ रुपये पथकर होता. मूळ पथकर उड्डाणपुलांच्या खर्चासाठी होता, धुरासाठी नाही, हे मान्य. पण दाट वस्तीच्या, धुराने कोंडलेल्या शहरात मोटार घेऊन शिरताना हात खिशाकडे जावा अशी ती एक जागा होती. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना तो माफ झाला. दुसऱ्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. पेढा कोणाला मिळाला? ज्याच्याकडे मोटार आहे त्याला. लोकलच्या दरवाजात लोंबकळणाऱ्याला त्यातलं काय मिळालं? पुरते तीन महिने गेले नाहीत तोच, जानेवारी २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने शहराची हवा पाहून सरकारला सांगितलं, की पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, यावर तज्ज्ञांची समिती नेमा. सरकारने सात जणांची समिती नेमली. एका हाताने शहराचं दार मोटारींसाठी फुकट उघडायचं आणि दुसऱ्या हाताने त्या मोटारींचं काय करायचं म्हणून समिती बसवायची.

पण सरकार असं का वागतं? कारण त्याला आपण ठाऊक आहोत. जुलै २०२५ च्या पहिल्या तारखेपासून दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं ठरलं. आठवडाभरही टिकलं नाही. त्या नियमात दोष होते, वय पाहून गाडी मारणं हा अडाणीपणाच आहे. पण जो आरडाओरडा झाला तो दोष सुधारण्यासाठी नव्हता. हिवाळ्यात मुलांच्या शाळा धुरामुळे बंद पडतात तेव्हा एवढा आवाज का उठत नाही? शाळा बंद पडली की पोर घरात असतं. गाडी बंद पडली की आपण घरात असतो, एवढाच फरक.

आणि मग निघतो आपला हुकमी पत्ता: गरीब. धूर सोडणाऱ्यावर आकार बसवला की गरीब भरडला जाईल, ऑटोवाल्याचं काय होईल, टेम्पोवाला काय खाईल. गरिबाच्या खांद्यावर बंदूक ठेवून आपली मोटार वाचवण्याची ही युक्ती जुनी आहे. आकडा साधा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर घरांपैकी जेमतेम आठ घरांकडे मोटार होती. उरलेली ब्याण्णव घरं चालतात, सायकल मारतात, दुचाकीवर जातात, एसटीत उभी राहतात आणि आठ घरांचा धूर पितात. ही ब्याण्णव घरं आपला कर रोज भरतात. त्यांचा कर दवाखान्याच्या खिडकीवर, इनहेलरच्या किमतीत, बुडालेल्या रोजंदारीत वसूल होतो. त्याची पावती मिळत नाही, म्हणून तो कर नाही असं आपण समजतो. आपलं घर झाडून केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटणाऱ्याला कोणी दोन रुपये मागितले, आणि तो म्हणाला, 'अहो, महागाई किती वाढलीय', तर त्याला गावात काय म्हणतील?

ऑटोवाला खरोखर अडचणीत आहे, हे कबूल. स्टेशनपासून, खामगाव नाक्यापासून सवाऱ्या आणणारा, तीन सीटवर सहा बसवणारा, काळा धूर ओकणारा ऑटो त्याने कर्जावर घेतलाय आणि रोज रात्री त्या कर्जाचा हिशेब करून झोपतो. त्याच्यावर आणि पुण्याहून आलेल्या डिझेल गाडीवर एकच आकार लावणारा माणूस मूर्ख किंवा बदमाश. पण याचा निष्कर्ष ऑटोवाल्याला सूट असा निघतो, मोटारवाल्याला सूट असा निघत नाही. मोठ्या गाडीकडून घेतलेला पैसा ऑटोवाल्याला विजेवरची रिक्षा घ्यायला का देऊ नये? माथेरानकडे पाहा. २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे चालत, घोड्यावर किंवा छोट्या आगगाडीने. इतकी वर्षं तिथे माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितल्या. गाडी वेशीवर अडवली म्हणून माथेरान ओस पडलं नाही. आजही शनिवार-रविवारी दस्तुरीला गाड्यांची रांग लागते.

परदेशाचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लोक चिडतात, तरी दोन द्यावीच लागतील. स्टॉकहोममध्ये २००६ च्या जानेवारीत शहरात शिरणाऱ्या मोटारींवर आकार लावून सात महिने पाहायचं ठरलं. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते. त्या काळात वेशीवरून जाणारी वाहतूक सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाली. सप्टेंबरात मतदान घेतलं, तेव्हा शहराने आकार हवा म्हणून कौल दिला. लोकांनी आधी अनुभव घेतला, मग मत दिलं. आपण अनुभव घ्यायच्या आधीच मोर्चा काढतो.

दुसरं लंडनचं. तिथे गर्दीवरचा आकार २००३ पासून, आणि जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा एप्रिल २०१९ पासून, रोजचे साडेबारा पाउंड. ऑगस्ट २०२३ मध्ये तो साऱ्या शहरभर पसरला तेव्हा लोकांनी रात्री शिड्या लावून कॅमेरे तोडले. म्हणजे धुराचा मोह काही आपलाच नाही. पण त्या शहरात एका मुलीचं नाव कोणाला विसरता येत नाही. एला अडू-किसी-डेब्रा, नऊ वर्षांची, दक्षिण लंडनच्या भरवाहतुकीच्या रस्त्याजवळ राहणारी, दम्याने २०१३ मध्ये गेली. आई सात वर्षं लढली. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. त्या देशातलं असं पहिलं प्रमाणपत्र. आपल्याकडे अशी प्रमाणपत्रं रोज निघायला हवीत, पण आपण लिहितो दमा, न्यूमोनिया, हृदयविकार, वय झालं होतं, देवाची मर्जी. धूर कधी आरोपी होत नाही. मग त्याच्या मालकाला कोण विचारणार?

देवाच्या मर्जीवरून आठवलं. हे गाव ज्यांच्यामुळे जगाला माहीत झालं, ते गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी इथे पहिल्यांदा दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, असं परंपरा सांगते. अंगावर धड वस्त्र नाही, पायात वहाण नाही, मालकीचं काही नाही. दुसऱ्याने टाकलेलं अन्न ज्याने आपल्या मुखात घेतलं, त्याच्या दारी आपण स्वतः टाकलेला धूर दुसऱ्याच्या मुखात घालायला येतो. ही विटंबना आहे, हे सांगायला कोणी कीर्तनकार उभा राहिला तर पुढच्या वर्षी त्याची सुपारी जाते. याच वऱ्हाडात, शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर दिवसा खराटा मारून गाव झाडलं आणि रात्री लोकांची डोकी झाडली. दिसणारी घाण त्यांनी आपल्याला शिकवली आणि आपण निदान तिची लाज बाळगू लागलो. न दिसणाऱ्या घाणीला खराटा पुरत नाही, तिला पावती लागते.

मंदिर चालवणाऱ्या संस्थानाला इथे दोष देता येणार नाही; उलट त्याचं काम बघण्यासारखं आहे. शेगावच्या मंदिराची स्वच्छता, सेवेकऱ्यांची शिस्त, रांगेतल्या म्हाताऱ्याला मिळणारं पाणी, याबद्दल नाक मुरडणारा माणूस भेटणं कठीण. स्टेशनवरून मंदिराकडे आणि भक्तनिवासाकडे नेणाऱ्या संस्थानाच्या गाड्या फुकट धावतात. मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरचं हे स्टेशन, रोज किती गाड्या इथे थांबतात. दरवर्षी संस्थानाची पालखी सातशेहून जास्त किलोमीटर पायी पंढरपूरला जाते. अकोल्याहून, खामगावहून माणसं चालत येतात. गुरुवारी पहाटे रस्त्याच्या कडेने अनवाणी बाया दिसतात, पायाला पट्ट्या बांधलेल्या. म्हणजे चालणं हे इथलं सर्वांत मोठं पुण्य, आणि चालणाऱ्याच्या तोंडावर धूर सोडणं हा इथला सर्वांत मोठा हक्क. चालणारा बाजूला सरकतो, कारण मागून हॉर्न वाजतोय. हॉर्न वाजवणाराही भक्तच आहे, घाईत आहे, काकड-आरती चुकेल म्हणून.

या घाईची किंमत लावली तर काय होईल? एक सांगतो, हे स्वप्न नाही, हिशेब आहे. मोटारींवर कर बसवणं राज्याच्या हातात आहे, एकट्या नगरपरिषदेच्या नाही. म्हणून मागणी मुंबईकडे करावी लागेल. खामगाव, बाळापूर आणि अकोटकडून येणाऱ्या रस्त्यांवर वेशीबाहेर वाहनतळ. गुरुवार, एकादशी, प्रकट दिन, रामनवमी, ऋषिपंचमी या दिवसांत वेशीच्या आत मोटार न्यायची असेल तर आकार, आणि तो गाडीच्या धुराच्या दर्जावर. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा पेट्रोलला कमी, जुन्या डिझेलला सणसणीत. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं तर वेगळा दंड, जागेवर. अपंगांची गाडी, रुग्णाची गाडी, गावातल्या माणसाची गाडी मोकळी. जमलेला पैसा शेगाव आगाराच्या एसटीला आणि ऑटोवाल्यांच्या ई-रिक्षांना, दुसरीकडे एक पैसा नाही. हिशेब नगरपरिषदेच्या दारावर खडूने लिहिलेला, दर महिन्याला.

एसटीला पैसा हवा हे वेगळं सांगायला नको. १ जून १९४८ ला ती सुरू झाली, तिने या राज्यातल्या पोरींना शाळेत पोचवलं आणि म्हाताऱ्यांना पंढरपुरात. मार्च २०२३ पासून बायांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे, आणि तेव्हापासून तिच्यात पाय ठेवायला जागा नाही. गाड्या जुन्या, त्यांच्या नळ्याही काळ्या. पण एका एसटीत पन्नास माणसं बसतात आणि तेवढीच जागा दोन-तीन मोटारी खातात, त्यात दहा-बारा माणसं. मोटारवाल्याने एसटीचं डिझेल काढून विजेची गाडी आणायला हातभार लावला, तर तो दंड नव्हे, थकबाकी आहे.

दुकानदार म्हणतील, कचोरी कोण खाईल? कचोरी माणसं खातात, मोटारी खात नाहीत. वाहनतळावरून चालत येणारा माणूस वाटेत दहा दुकानांसमोरून जातो. मोटारीतला थेट दारात उतरतो आणि थेट दारातून जातो. भाविक म्हणतील, म्हाताऱ्या आईला कसं चालवू? तिला संस्थानाच्या गाडीत बसवा, ती फुकट आहे, आणि तुम्ही तिच्या मागून चालत या. पुढारी म्हणतील, निवडणूक झाल्यावर बघू. निवडणूक नेहमीच पुढे असते, जिल्हा परिषदेची नाही तर सहकारी बँकेची.

आणि मोर्चा निघेलच. 'भाविकांवर कर नको' असे फलक छापून होतील, बंदची हाक येईल, तहसीलदारांना निवेदन जाईल. काढा मोर्चा, तो तुमचा हक्क आहे. एवढंच करा की, या वेळी मोटारसायकल रॅली काढू नका. वेशीपासून मंदिरापर्यंत पायी या, आणि वाटेत त्या हारवाल्या बाईसमोर थांबून तिच्या नातवाला दमा आहे का, ते एकदा विचारा.